भाड्याची इमारत, बंद वाडा आणि आगीची जबाबदारी: कोल्हापुरातल्या मालकांसाठी कामाचा क्रम

भाड्याने दिलेल्या इमारतीत आगीची तयारी करायची म्हटलं की बहुतेक मालक आधी आग विझवायचा लाल सिलिंडर आणून जिन्यात टांगतात आणि काम झालं असं समजतात. कामाचा खरा क्रम वेगळा आहे. आधी जिना, मग वीज, मग गॅस, आणि मग उपकरणं. कागदपत्रं पहिल्या दिवसापासून सोबत चालतात. हा क्रम असा का, तर घरातल्या आगीत माणसं बहुतेक वेळा ज्वाळेआधी धुराने गुदमरतात, आणि धूर जिन्यानेच वर चढतो. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूची खाली यायची वाटही तोच जिना. ती वाट बंद झाली तर टांगलेला सिलिंडर त्याच्या काही कामाचा नाही.

कायदा कुणाला धरतो

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अनुसूचीतल्या प्रकारच्या इमारतीत आगीच्या उपाययोजना बसवायची आणि त्या कायम चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची आणि भोगवटादाराची (जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याची) आहे. "आगीची सर्व जबाबदारी भाडेकरूची" असं कलम भाडेकरारात घातलं म्हणून मालक सुटत नाही. खर्च कोण करणार हे दोघांत ठरवता येतं, कायद्यापुढची जबाबदारी मात्र कराराने झटकता येत नाही. उल्लंघनाला किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि वीस ते पन्नास हजार रुपये दंड आहे. तपासणीत धोका दिसला तर अग्निशमन अधिकारी नोटीस देऊ शकतात. धोका तातडीचा असेल तर इमारत रिकामी करून सील करण्यापर्यंतचे अधिकार त्यांना आहेत.

आपली इमारत कुठल्या गटात बसते, हे सर्वांत आधी लेखी विचारून घ्या. महापालिका हद्दीत महापालिकेचा अग्निशमन विभाग, शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत एमआयडीसीचा. अर्जासोबत मंजूर नकाशा, मजले, उंची, दर मजल्यावर राहणाऱ्यांची संख्या आणि प्रत्यक्ष वापर द्या. "प्रत्यक्ष" हा शब्द मुद्दाम वापरला आहे. नकाशावर निवासी असलेल्या राजारामपुरीतल्या बंगल्यात वीस मुलींचं पीजी चालत असेल, तर अग्निशमनाच्या दृष्टीने ते वसतिगृह आहे. मंगळवार पेठेतल्या खोलीत चप्पलचं काम चालत असेल आणि रबर सोल्यूशनचे (चिकटवायच्या द्रवाचे) डबे ठेवलेले असतील, तर ते राहतं घर उरत नाही. गुजरीच्या मागच्या गल्लीत माडीवर गॅसच्या फुंकणीने दागिने डागले जात असतील, तर तीच गोष्ट. सोल्यूशनची वाफ जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ठिणगीलाही पेट घेते. असा वापर चालू ठेवायचा असेल तर नगररचना विभागाकडून वापरबदलाची परवानगी आणि अग्निशमनचा ना-हरकत दाखला, दोन्ही रीतसर घ्या. नाहीतर तो वापर बंद करा. मधला मार्ग नाही.

छोट्या दुमजली घराला यातला एकही दाखला लागत नसेल, तरी पुढची कामं करायचीच आहेत. आग नकाशा बघून लागत नाही.

जिना

पेठांमधल्या जुन्या घरांत एक ठरलेली मांडणी दिसते. तळमजल्याला जिन्याखाली सगळ्या भाडेकरूंचे मीटर, त्यांच्याखाली दोन-तीन मोपेड, कोपऱ्यात रद्दी किंवा बंबाचं जळण, आणि वर लाकडी जिना. ठिणगीची जागा, पेट्रोल, सरपण आणि धुरासाठी आयतं धुराडं, सगळं एकाच चौकटीत. कोल्हापुरातल्या मालकाने एकच काम करायचं ठरवलं, तर ही जागा मोकळी करावी.

गाड्या चौकात किंवा रस्त्यावर न्या. जागा नाही, ही अडचण खरी आहे, पण जिन्याखाली पेटलेल्या एका मोपेडचा धूर दोन मजल्यांचा जिना काही मिनिटांत भरून टाकतो. विजेवरची स्कूटर जिन्यात चार्जिंगला लावायची नाही, रात्रभर तर नाहीच. तिच्यासाठी उघड्यावर, छपराखाली, वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट द्या आणि कंपनीचाच चार्जर वापरायला सांगा.

मीटर हलवायचे तर महावितरणकडे अर्ज करा. खासगी वायरमनकडून सील तोडून घेऊ नका. हलवणं शक्य नसेल तर मीटरभोवतीची प्लायवूडची पेटी काढून हवेशीर पत्र्याची बसवा. तिथून वर जाणाऱ्या वायरींची भोकं सिमेंटने बुजवा, कारण त्या भोकांतून धूर आणि आग पुढच्या मजल्यावर जाते. इन्व्हर्टरची बॅटरीही बंद कपाटात ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो.

जिन्याची मोकळी रुंदी निदान एक मीटर हवी. जुन्या वाड्यात तेवढी मिळतच नाही, म्हणून तिथे चपलांचं कपाट, गॅसची टाकी, कुंडी, काहीच नको. गच्चीच्या दाराला कुलूप नको, आतून हाताने निघणारी कडी हवी. पीजीत रात्री मुख्य दाराला कुलूप लावून किल्ली रेक्टरच्या उशाखाली ठेवायची पद्धत आहे, ती तातडीने थांबवा. बाहेरून किल्लीने आणि आतून नुसत्या खटक्याने उघडणारं लॅच बसवा. सुरक्षाही राहते, वाटही राहते.

खिडक्यांना पेटीसारखी लोखंडी ग्रिल असतील तर प्रत्येक खोलीत एक तरी झडप बिजागरीची करून घ्या, मोठा माणूस बाहेर पडेल एवढी, कडी आतल्या बाजूला. इथल्या पावसात या कड्या गंजून धरतात. मृगाआधी एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा तेल घालून उघडून बघा. भाडेकरूसमोर उघडा, म्हणजे ती उघडते हे त्यालाही कळेल.

वीज

परवानाधारक विद्युत ठेकेदार बोलवा आणि त्याच्याकडून लेखी अहवाल घ्या. "सगळं ओके आहे" हे तोंडी नको.

भाड्याच्या घरात बिघडतं ते असं. दहा वर्षांपूर्वी खोलीला २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) होता. भाडेकरूने २००० वॅटचा गीझर लावला, म्हणजे सुमारे पावणेनऊ अँपिअर. मग तेवढ्याच ताकदीची इंडक्शन शेगडी त्याच लाइनवर. दोन्ही एकदम चालले की भार १६ अँपिअरच्या वर जातो, आणि सोबत आणखी काही लागलं की एमसीबी पडतो. तो पडलाच पाहिजे, ते त्याचं कामच आहे. पण कुणीतरी वायरमन येतो आणि १६ काढून ३२ चा बसवून जातो. आता भार वाढत गेला तरी एमसीबी पडत नाही, भिंतीतली वायर तापते. इन्सुलेशन महिनोन्‌महिने कडक होत जातं, आणि एका रात्री जोडावर ठिणगी पडते. म्हणून बोर्ड उघडून वायरची जाडी आणि एमसीबीचा आकडा जुळतो का हे स्वतः बघा. दिवे-पंख्यांना १.५ ची वायर, ६ किंवा १० अँपिअर. पॉवर सॉकेटला २.५ ची वायर, १६ अँपिअर. गीझर आणि एसीला प्रत्येकी स्वतंत्र ४ ची वायर, २० अँपिअर. भार वाढवायचा तर वायर बदलायची, नुसता एमसीबी नाही.

प्रत्येक भाडेकरूच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. एमसीबी जादा भार पकडतो, आरसीसीबी गळती पकडतो. एक दुसऱ्याचं काम करत नाही. महिन्यातून एकदा त्याचं चाचणीचं बटण दाबा, लगेच पडायला हवा. वारंवार पडतो म्हणून बायपास केलेले आरसीसीबी भाड्याच्या घरांत सर्रास सापडतात. तो पडतो याचा अर्थ कुठेतरी करंट गळतो आहे. बहुतेकदा गीझरचं एलिमेंट किंवा ओल आलेल्या भिंतीतला स्विचबोर्ड. ते शोधा.

मेगरची, म्हणजे वायरच्या इन्सुलेशनची, चाचणी ५०० व्होल्टवर करून घ्या, इन्सुलेशन किमान एक मेगओहम यायला हवं. ही चाचणी उन्हाळ्यात केली तर आकडे छान येतात आणि फसवतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, भिंती भिजलेल्या असताना केली की घराची खरी स्थिती कळते. लाकडी पट्टीवरून गेलेल्या, कापडी वेष्टनाच्या जुन्या वायरी दुरुस्त करत बसू नका, सगळ्या काढून टाका. अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याची तार पिळून टेप मारलेला जोड दिसला तर तो योग्य कनेक्टर घालून नव्याने करून घ्या. असे जोड सैल होतात आणि तापतात.

शाहूपुरी, नागाळा पार्क, सुतारवाडा अशा पूररेषेजवळच्या मालकांसाठी एक जादा सूचना. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेले एमसीबी, सॉकेट आणि स्विच वाळवून पुन्हा वापरलेले अजूनही असू शकतात. आत बसलेला गाळ ओल धरतो. पाण्यात गेलेला एमसीबी वरून चांगला दिसला तरी वेळेवर पडेल याची खात्री नाही. ते सगळे बदला, आणि बदलताना बोर्ड त्या वेळच्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या.

गॅस आणि बंब

गॅसचं काम थोडं आहे, पण दर नव्या भाडेकरूबरोबर पुन्हा करायचं. शेगडीची नळी आयएसआय मार्कची सुरक्षा नळी हवी आणि तिच्यावर छापलेल्या तारखेपासून पाच वर्षांत बदलायची. साबणाचा फेस लावून रेग्युलेटर आणि नळीचे दोन्ही जोड तपासा, काडी लावून कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून टाकी तळघरात किंवा जमिनीच्या पातळीखालच्या खोलीत ठेवायची नाही, आणि स्वयंपाकघरात खालच्या बाजूला हवा जायला जाळी हवी. मेस चालवणाऱ्या भाडेकरूकडे घरगुती १४.२ किलोच्या टाक्या दिसल्या तर त्या थांबवा, त्याला १९ किलोच्या व्यावसायिक टाक्याच घ्याव्या लागतात. गळतीसाठीचा क्रमांक १९०६ स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवा. गॅस गीझर बंद न्हाणीत लावलेला असेल तर तो बाहेर काढा. तिथे आगीआधी कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे.

जुन्या घरांत पाण्याचा बंब अजून चालतो. राख वरून विझलेली दिसली तरी आत निखारा धगधगत असतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढायची आणि दुसऱ्या दिवशी टाकायची. शेणी, चिपाडं, लाकूड बंबापासून निदान दोन हात लांब.

उपकरणं

तीन मजली, आठ-दहा खोल्यांच्या भाड्याच्या घराला दर मजल्याच्या जिन्याजवळ एक ६ किलोचा एबीसी पावडरचा (लाकूड-कापड, तेल आणि गॅस, तिन्ही आगींना चालणारा) अग्निशामक आणि मीटरजवळ एक कार्बन डायऑक्साइडचा, एवढं पुरतं. कुठल्याही खोलीतून पंधरा मीटरच्या आत एक मिळायला हवा. मूठ सहज हाताला येईल अशा उंचीवर टांगा. स्वयंपाकघरासाठीचा अग्निशामक शेगडीपाशी नको, दाराशी हवा. आगीच्या पलीकडून तो कोण काढणार? घेताना आयएसआय मार्क आणि आयएस १५६८३ हा क्रमांक बघा.

पावडरच्या अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे म्हणजे आत दाब आहे, एवढंच कळतं. दमट हवेत पावडर तळाला घट्ट बसू शकते, आणि मग दाब असूनही नुसता वायू बाहेर पडतो. महिन्यातून एकदा तो उलटा-सुलटा करून पावडर हलवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, तो वजनावरच तपासायचा. वायूचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं की रिफिल. आणि रिफिल करून आणलेला कुठलाही सिलिंडर वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून लेबलवरच्या पूर्ण वजनाशी ताडून बघा. नुसतं स्टिकर बदलून परत आलेला सिलिंडर असाच पकडता येतो. दाबाची चाचणी पावडरच्या सिलिंडरला तीन वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला पाच वर्षांनी.

तेल पेटलं तर पाणी घालायचं नाही, हे प्रत्येक भाडेकरूला सांगा. शेगडी बंद करून कढईवर झाकण सरकवायचं आणि झाकण तसंच ठेवायचं.

झोपायच्या खोल्यांबाहेर, छताला, बॅटरीवरचे स्वतंत्र स्मोक अलार्म लावा. भिंतीपासून तीस सेंटिमीटर आत आणि स्वयंपाकघरापासून दूर, नाहीतर फोडणीला वाजतात आणि भाडेकरू बॅटरी काढून ठेवतो.

इमारत उंच असून पंप, होज रील (गुंडाळून ठेवलेली पाण्याची नळी) आणि गच्चीवर आगीसाठी राखीव पाण्याची टाकी असेल, तर टाकीचे दोन नळ कुठल्या उंचीवर आहेत ते वर चढून बघा. घरगुती पाण्याचा नळ राखीव पातळीच्या वर हवा, आगीच्या पंपाचा तळाशी. दोन्ही तळाशी असले तर संध्याकाळपर्यंत राखीव पाणी धुण्याभांड्यात गेलेलं असतं. पंप आठवड्यातून एकदा चालवा.

कागद आणि भाडेकरार

यंत्रणा परवानाधारक संस्थेकडूनच बसवून घ्यायची. ती "नमुना अ" मध्ये प्रमाणपत्र देते. त्यानंतर यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं "नमुना ब" मधलं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन विभागाला द्यायचं. बरेच मालक नमुना अ मिळाला की थांबतात, आणि सहा महिन्यांनी ते उल्लंघनात असतात. परवानाधारकांची यादी महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या संकेतस्थळावर असते. तिथे नाव आणि परवान्याची मुदत बघूनच काम द्या. एका फायलीत नकाशा, ना-हरकत दाखला, नमुना अ आणि ब, वीज तपासणीचा अहवाल, अग्निशामकांची वजनं आणि तारखा ठेवा.

भाडेकरारात प्रत्यक्ष वापर, राहणाऱ्यांची कमाल संख्या, गॅस टाक्यांची संख्या, मालकाला न विचारता वायरिंगमध्ये बदल न करणं आणि दर तीन महिन्यांनी तपासणी, ही कलमं हवीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २८ मालकाला आगाऊ सूचना देऊन वाजवी वेळी जागा पाहायचा हक्क देतं. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. भाडेकरू ऐकत नाही म्हणून त्याची वीज किंवा पाणी तोडू नका, कलम २९ ते करू देत नाही. लेखी नोटीस द्या, प्रत ठेवा, धोका गंभीर असेल तर अग्निशमन विभागाला कळवा.

किल्ली देताना पंधरा मिनिटं काढून भाडेकरूला मुख्य स्विच, गॅसचा कॉक, गच्चीची कडी आणि अग्निशामकाची पिन हात लावून दाखवा. ६ किलोचा अग्निशामक पंधरा-वीस सेकंदच चालतो, हेही सांगा. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही तर दार ओढून घेऊन बाहेर पडायचं आणि १०१ किंवा ११२ ला फोन करायचा.

बंद घर, रिकामा वाडा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातली, १९१५ सालची वास्तू. जुन्या लाकडी बांधणीने एकदा पेट घेतला की आगीचा बंब पोहोचेपर्यंत किती थोडा वेळ हातात असतो, हे सगळ्या कोल्हापूरने पाहिलं. बंद वाड्यात तर आग लागल्याचं कळायलाच उशीर होतो.

घर दोन-तीन महिन्यांहून जास्त बंद राहणार असेल तर नुसता मेन स्विच पाडून जाऊ नका. खांबापासून मेनपर्यंतची वायर चालूच राहते आणि उंदीर तिथेच कुरतडतात. महावितरणकडे अर्ज करून पुरवठा तोडून घ्या. टाक्या गॅस एजन्सीकडे जमा करा. पोटमाळ्यावरच्या गाद्या, जुनी कागदपत्रं, रंगाचे आणि थिनरचे डबे बाहेर काढा. कौलांवर आणि पन्हाळीत साठलेला पाला काढा. दिवाळीतला रॉकेट त्याच पाल्यावर पडतो. ही सफाई वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि शिमग्याच्या आधी.

कसबा बावडा, उचगाव, पाचगाव या भागात मोकळा प्लॉट उसाच्या शेताला लागून असेल तर हंगामात पाचट पेटवलं जातं आणि आग वाळलेल्या गवतातून कुंपण ओलांडते. पाऊस संपल्यावर कुंपणाच्या आतून निदान तीन मीटरचा पट्टा खरवडून मोकळा ठेवा आणि उन्हाळाभर तसाच राखा. गवत पेटवून साफ करू नका.

विम्याची पॉलिसी वाचा. आगीच्या प्रमाणित पॉलिसीत इमारत सलग तीस दिवसांहून जास्त रिकामी राहिली तर संरक्षण थांबतं अशी अट असू शकते, कंपनीला आधी कळवून तिची लेखी मान्यता घेतलेली नसेल तर. निवासी जागा दुकान किंवा गोदाम म्हणून दिली, तरी कळवावं लागतं. पत्र द्या आणि पोच घ्या.

एक किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा, आणि तुमचा नंबरही त्याच्याकडेच. दारावर लिहिला तर घर बंद असल्याचं चोराला कळतं. शेवटचं काम टेपने मोजायचं आहे. बंब जिथपर्यंत येऊ शकतो त्या रस्त्यापासून तुमच्या सर्वांत आतल्या खोलीपर्यंतचं अंतर. होजची एक लांबी साधारण पंधरा मीटर असते, त्यावरून किती जोडाव्या लागतील हे निघतं. शिवाजी पेठेतल्या किंवा महाद्वार रोडच्या आतल्या बोळात हे अंतर साठ-सत्तर मीटरही भरू शकतं. तो आकडा, बोळाचं तोंड कुठल्या खुणेजवळ आहे आणि जवळची विहीर किंवा पाण्याची टाकी कुठे आहे, हे कागदावर लिहून किल्लीसोबत शेजाऱ्याकडे द्या. फोन तोच करणार आहे.